पाट की तुषार?

जानेवारीच्या अखेरीस निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये जाऊन उभं राहावं. बाहेर ऊन तापायला लागलेलं असतं, आत मात्र गारठा. डोक्याला जाळी, हातात मोजे आणि बारीक कात्री घेतलेल्या बायका ओळीने उभ्या असतात. समोर क्रेट येते. घड उचलायचा, उलटा करून बघायचा, डागी मणी छाटायचे, मण्याचा आकार पाहायचा आणि वजनकाट्यावरच्या डबीत तो अलगद बसवायचा. अठरा मिलिमीटरच्या आसपासचा, एकसारख्या रंगाचा माल अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये भरून युरोपला जातो. जरा डावा असेल तो मोठ्या खोक्यातून आखाती देशांकडे. त्याच गावातल्या दुसऱ्या बागेपाशी व्यापाऱ्याचा ट्रक लागलेला असतो. तिथला माल प्लास्टिकच्या क्रेटमधून बांगलादेशला. कुठल्या देशात जायचं हा प्रश्न पॅकहाऊसमध्ये कुणी विचारत नाही. तो ऑक्टोबरच्या छाटणीलाच ठरलेला असतो.

कंपन्यांच्या बैठकांत हाच प्रश्न वेगळ्या थाटात येतो. भिंतीवर जगाचा नकाशा असतो, त्यावर टाचण्या असतात आणि टाचण्या जितक्या जास्त तितकं टाळ्यांचं प्रमाण जास्त. एकेका देशात पाय रोवत जायचं, की पाच-पंधरा देशांत एकदम उतरायचं? गेल्या साठ वर्षांत यावर ढीगभर लिहिलं गेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं एकमेकांना खोडून काढणारं आहे. त्या लिखाणाचा आढावा घेताना मी नाशिकचं द्राक्ष, कोकणचा हापूस आणि वाळूजची बजाज मोटारसायकल सतत हाताशी ठेवणार आहे. पुस्तकातलं विधान खरं किती, हे या तिघांवर घासून लगेच कळतं.

या दोन पद्धतींना शास्त्रात ‘धबधबा’ आणि ‘तुषार’ अशी नावं आहेत. शलोमो कालिश, विजय महाजन आणि आयतान म्युलर यांच्या १९९५ च्या निबंधापासून ती जोडी रुळली. धबधबा म्हणजे एका बाजारातून पुढच्या बाजारात पायरीपायरीने उतरणं. मला हा शब्द कधीच पटला नाही. धबधब्याला कुणी थांबवू शकत नाही. इथे तर थांबणं हाच सगळा मुद्दा आहे. आपल्याकडे त्याला पाटपाणी म्हणावं. शेतकरी रात्री दारं धरतो, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून त्याचं दार बंद करतो आणि पुढच्याचं उघडतो. तुषार मात्र जसाच्या तसा चालतो. सगळं रान एकदम भिजतं, वेळ वाचतो, फक्त मोटारीला दाब हवा. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीवर नोझल वाढवत गेलं की एक वेळ अशी येते, की शेवटच्या नोझलमधून पाणी उडत नाही, नुसतं गळतं. या विषयावरची निम्मी पुस्तकं त्या गळणाऱ्या नोझलची आहेत.

आधी पाटाची बाजू मांडली गेली. रेमंड व्हर्नन यांनी १९६६ मध्ये सांगितलं, की वस्तू श्रीमंत देशात जन्मते, तिथे मुरते आणि मग हळूहळू बाहेर जाते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात यान योहानसन आणि यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ मध्ये आपल्याच देशातल्या कंपन्या पाहून तोच धागा पुढे नेला. कंपनी आधी शेजारच्या, ओळखीच्या देशात जाते. तिथे आधी एजंट नेमते, मग विक्री कार्यालय उघडते, मग कारखाना. परक्या बाजाराचं ज्ञान विकत मिळत नाही, ते तिथे राहूनच येतं, हा त्यांचा गाभा. किलोमीटरमधल्या अंतरापेक्षा मनातलं अंतर मोठं असतं हेही त्यांनीच ठासून मांडलं.

मग वारं फिरलं. थिओडोर लेव्हिट यांनी १९८३ मध्ये जगभरच्या गिऱ्हाइकाच्या आवडी एकसारख्या होत चालल्याचं जाहीर केलं. १९८५ मध्ये केनिची ओमाए म्हणाले, अमेरिका, युरोप आणि जपान या तिन्ही ठिकाणी एकदम उतरा, कारण तुम्ही पहिल्या ठिकाणी स्थिरावेपर्यंत दुसऱ्या दोन ठिकाणी तुमची नक्कल विकली जात असेल. नव्वदच्या दशकात आणखी एक गोष्ट लक्षात आली. ऑस्ट्रेलियातल्या कित्येक छोट्या कंपन्या घरच्या बाजारात मुरण्याआधीच परदेशात माल विकत होत्या. उप्सालाच्या पायऱ्या त्यांनी चढल्याच नव्हत्या. अशा कंपन्यांना ‘जन्मतःच जागतिक’ हे नाव मिळालं आणि ते पुढे नवउद्योगांच्या तोंडी इतकं बसलं, की कंपनीला दोन वर्षं होण्याआधी तिसरा देश नसेल तर गुंतवणूकदार नाक मुरडू लागले.

या सगळ्या गलबल्यात मला सर्वांत शहाणा वाटतो तो १९७९ चा, इगाल आयाल आणि येहिएल झिफ यांचा निबंध. त्यांनी एका बाजूची वकिली केलीच नाही. कुठल्या परिस्थितीत पांगावं आणि कुठल्या परिस्थितीत एकवटावं, एवढंच त्यांनी विचारलं. प्रतिस्पर्धी किती मागे आहे? एका देशात केलेल्या जाहिरातीचा दुसऱ्या देशात उपयोग होतो का? प्रत्येक देशासाठी माल किती बदलावा लागतो? यातला शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण पुढचं बहुतेक सगळं त्यावरच उभं आहे.

घाई करण्याला कधीकधी खरोखर इलाज नसतो. सिनेमाचंच घ्या. एका देशात चित्रपट लागला आणि दुसऱ्या देशात तीन महिन्यांनी लागणार असेल, तर मधल्या काळात त्याच्या चोरट्या प्रती रस्त्यावर येतात. ‘द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’ ५ नोव्हेंबर २००३ रोजी जगभर एकाच क्षणी दाखवायला सुरुवात झाली, लंडनमध्ये दुपारी दोन वाजता आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच वेळी, म्हणजे सकाळी नऊला. ही हौस होती तितकाच तो चोरांवरचा उपाय होता. द्राक्षाला चोराची भीती नसते, पण काळ तिथेही मागे लागलेला असतो. दक्षिण गोलार्धातला माल ओसरत आलेला आणि पुढचा यायचा असतो, त्या मधल्या फटीत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, नाशिकचं द्राक्ष युरोपात शिरतं. फट गेली की वर्ष गेलं. ‘यंदा नेदरलँड्स करू, पुढच्या वर्षी जर्मनी बघू’ असं म्हणायला वेलीला सवड नसते.

दुसरी घाई प्रतिस्पर्धी लादतो. २०११ मध्ये जर्मनीतल्या झाम्वर बंधूंच्या रॉकेट इंटरनेटने एअरबीएनबीची सरळ नक्कल करून ‘विमडू’ काढली आणि त्याच वर्षी तिच्यासाठी ९ कोटी डॉलर उभे केले. एअरबीएनबीला तोवर युरोपात नीट कार्यालयही नव्हतं. नक्कल विकत घ्यायची की लढायचं? त्यांनी लढायचं ठरवलं, एक छोटी जर्मन कंपनी घेतली आणि २०१२ च्या सुरुवातीला पॅरिस, मिलान, बार्सिलोना, कोपनहेगन, मॉस्को, साओ पावलो अशी कार्यालयं धडाधड उघडली. विमडू २०१८ च्या अखेरीस बंद पडली. हे उदाहरण एकदम उतरण्याच्या बाजूने नेहमी दिलं जातं. मात्र तिथला पाहुणा एका देशाचा आणि यजमान दुसऱ्या देशाचा असतो, हे सांगायचं राहून जातं. पॅरिसमध्ये घरं मिळाली की न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला तीच यादी अधिक उपयोगी होते. एका वाफ्याला दिलेलं पाणी जमिनीखालून दुसऱ्यात झिरपत होतं. सगळ्यांच्या जमिनी अशा नसतात.

नेटफ्लिक्सची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. ६ जानेवारी २०१६ रोजी लास व्हेगासच्या मंचावरून रीड हेस्टिंग्ज यांनी एका भाषणात १३० नव्या देशांत सेवा सुरू झाल्याची घोषणा केली. तुषार म्हणावा तर हाच. पण त्याआधीची पाच वर्षं बघा. २०१० मध्ये कॅनडा, २०११ मध्ये लॅटिन अमेरिका, २०१२ मध्ये ब्रिटन आणि उत्तरेकडचे देश, पुढच्या तीन वर्षांत नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, जपान. आधी पाटाने रान भिजवून झालं, पाणी कुठे मुरतं ते कळलं आणि मग तुषार लागला. तरीही १३० देशांत शिरणं आणि १३० देशांत चालणं एक नव्हतं. भारतात सुरुवातीचा सर्वांत स्वस्त मासिक दर ५०० रुपये होता. केबलवाल्याला तीनशे रुपये देतानाही घासाघीस करणाऱ्या देशात! मुंबईत घडणारी ‘सेक्रेड गेम्स’ आली २०१८ मध्ये, मोबाइलपुरता १९९ रुपयांचा दर आला २०१९ मध्ये आणि तो १४९ वर उतरला २०२१ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे दार एका रात्रीत उघडलं, पण बैठक बसायला साडेपाच-सहा वर्षं लागली. चीन त्या १३० मध्ये नव्हताच.

सॉफ्टवेअरवाल्यांचा एक गोड गैरसमज असतो. ॲप एकच आहे, मग देश वाढवायला खर्च कसला? झोमॅटोने २०१२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीपासून सुरुवात केली आणि तीन वर्षांत वीसहून अधिक देश गाठले. न्यूझीलंड, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, पोलंड, इटली, तुर्कस्तान, एकेक स्थानिक कंपनी विकत घेत गेले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासाठी २०१५ मध्ये अर्बनस्पून घेतली. २०१६ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडासह नऊ देशांतलं मनुष्यबळ काढून घेत असल्याचं त्यांनीच जाहीर केलं. ॲप खरंच एक होतं. पण त्या काळी झोमॅटोचा जीव ॲपमध्ये नव्हता, मेनूकार्डांत होता. हॉटेलांत स्वतः जाऊन मेनूकार्ड गोळा करणारी, ते स्कॅन करणारी, महिन्याभराने पुन्हा जाऊन भाव बदलले का ते बघणारी पोरं लागायची. दिल्लीत केलेल्या या कामाचा ब्रातिस्लाव्हात कवडीचाही उपयोग नाही. प्रत्येक शहरात शून्यापासून सुरुवात आणि प्रत्येक शहरात आधीच बसलेला कुणीतरी स्थानिक गडी. ओयोने २०१८-१९ मध्ये चीन, ब्रिटन, अमेरिका, जपान असा सपाटा लावला आणि पुढे पसारा आवरता घेतला. ओला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमधून २०२४ मध्ये परतली. तिघांच्या अडचणी तंतोतंत एक नव्हत्या, पण स्थानिक खटाटोप मोजण्यात झालेली चूक सारखी होती.

फ्रीक व्हर्म्युलेन आणि हॅरी बार्केमा यांनी २००२ मध्ये डच कंपन्यांचा पुष्कळ वर्षांचा हिशेब तपासला. भरभर विस्तारणाऱ्या कंपन्यांना परदेशी शाखांचा फायदा कमी झाला, हे अपेक्षितच होतं. त्याहून रंजक म्हणजे, ज्यांचा विस्तार झटक्याझटक्याने झाला, एका वर्षी सात शाखा आणि मग तीन वर्षं शांतता, त्यांनाही तोटा सोसावा लागला. संयत, ठरावीक लयीत वाढणाऱ्यांना शिकायला वेळ मिळतो. पोटाचंही असंच असतं; लग्नात एकदम जेवलेलं अंगाला लागत नाही.

आता द्राक्षाकडे परत येतो, कारण नोझल किती लावायचे याचं उत्तर मला त्या बागेत सापडलं.

पंकज घेमावत यांनी २००१ मध्ये देशादेशांतल्या अंतराचे चार प्रकार मांडले, संस्कृतीचं, शासनाचं, भूगोलाचं आणि पैशाचं. मांडणी चांगली आहे. पण तिच्यात अंतर किती हे कळतं, अंतराची दिशा कळत नाही. आणि एकाच वेळी अनेक देशांत उतरणाऱ्याला दिशाच लागते. युरोपसाठी द्राक्षाची बाग तयार करायची तर कुठली फवारणी चालते, काढणीच्या किती दिवस आधी थांबवायची, औषधाचा अंश किलोमागे किती मिलिग्रॅमपर्यंत चालतो हे सगळं पाळावं लागतं. केंद्र सरकारच्या ‘अपेडा’ या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट पद्धतीत प्लॉटची नोंद होते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि डबीवरून मागे जात जात थेट बागेपर्यंत पोचता येतं. एवढं सगळं केलेला प्लॉट दुबईला चालतो, मलेशियाला चालतो, मुंबईच्या बाजारात तर हातोहात जातो. उलटं मात्र होत नाही. लोकल म्हणून धरलेला प्लॉट ऐनवेळी युरोपला वळवता येत नाही. हा फरक जिन्यासारखा आहे. वरच्या पायरीवरून खाली उतरता येतं, खालून वर उडी मारता येत नाही. ज्या मालाच्या बाजारांत जिन्यासारखा फरक असतो, त्याने सर्वांत कडक बाजाराची तयारी आधी करावी. बाकीचे जवळजवळ फुकट मिळतात.

तेवढ्यावर हुरळून जाऊ नये. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’, वेलीची वाढ आवरणारं रसायन. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. इथून निघालेला माल तिथे अडला, कित्येक कंटेनर त्या वेळी समुद्रातच होते आणि नाशिक-सांगलीतल्या निर्यातदार शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. त्या वेळी कागदावर बाजार अनेक होते, नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियम. प्रत्यक्षात दार एकच होतं. सत्तावीस देशांचा संघ परवानगी देताना एक असतो, तसा नकार देतानाही एकच असतो. वर पुन्हा जिन्याला चोरपायऱ्या असतात. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेवर समाधान मानत नाहीत, त्यांना त्याच्या एक तृतीयांशच अंश चालतो. म्हणजे ‘जर्मनी’ नावाच्या एका टाचणीखाली दोन-तीन वेगळे बाजार आणि ‘युरोप’ नावाच्या अनेक टाचण्यांखाली एकच. नकाशावर मोजत बसणाऱ्याला हे दिसत नाही. त्याच तडाख्यातून सावरताना मोहाडीची सह्याद्री फार्म्स शेतकऱ्यांची कंपनी म्हणून उभी राहिली आणि पुढे देशातली सर्वांत मोठी द्राक्ष निर्यातदार झाली, ही त्या वर्षाची दुसरी बाजू.

हापूसचं गणित द्राक्षाच्या उलट आहे. तिथे जिना नाहीच, सगळ्या आडव्या वाटा. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर त्याला किमान ४०० ग्रे इतकं विकिरण द्यावं लागतं. जपानला विकिरण नको, बाष्पोष्ण प्रक्रिया हवी. युरोपसाठी ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवणं. भीती तिघांची एकच, फळमाशीची. उपाय मात्र तीन, तीन यंत्रं, तीन प्रकारचे कागद. अमेरिकेसाठी तयार केलेली पेटी टोकियोला चालत नाही आणि टोकियोची अमेरिकेला चालत नाही. कडक आणि सैल असा प्रश्नच नाही, नुसतं वेगळं.

परिणाम काय झाला ते तारखाच सांगतात. अमेरिकेचं दार १९८९ पासून बंद होतं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं होतं, त्याला २००७ मध्ये अमेरिकी कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिला आंबा गेला. (त्याच वाटाघाटीत हार्ली-डेव्हिडसनला भारताचं दार किलकिलं झालं. आंब्याच्या बदल्यात मोटारसायकल हा सौदा कोकणातल्या कुणा बागायतदाराने नक्कीच केला नसता.) जपान त्याआधी, २००६ मध्ये उघडलं. युरोपने १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, हापूससह भारतीय आंबा आणि चार भाज्या बंद केल्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेला आंबा गेलाच नाही, कारण इथल्या केंद्रात प्रत्यक्ष हजर राहणारा अमेरिकी निरीक्षक कोरोनामुळे येऊ शकला नाही. कोट्यवधी गिऱ्हाइकांचा बाजार एका माणसाच्या विमानप्रवासावर टांगलेला! आणि २०२५ च्या मे महिन्यात नवी मुंबईत ८ आणि ९ तारखेला विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर नाकारल्या गेल्या. फळाला काही झालं नव्हतं, कागदपत्रांत चूक होती. परत आणण्यापेक्षा नष्ट करणं स्वस्त म्हणून तो आंबा तिथेच नष्ट झाला.

आडव्या वाटांच्या मालाने दहा देशांत एकदम उतरण्याची भाषा करू नये, असं माझं मत आहे. दोन वाटा निवडाव्यात आणि त्या पक्क्या कराव्यात. वाशीला राज्य पणन मंडळाने या वेगवेगळ्या प्रक्रियांच्या सोयी केल्या, हे मोलाचं काम आहे. एकट्यादुकट्या निर्यातदाराच्या आवाक्यातलं ते नव्हतंच. तरी त्या यंत्रांवरचा हंगाम एप्रिल-मे एवढाच, आणि सगळ्यांना पेट्या द्यायच्या असतात त्याच दिवसांत.

बजाजची मोटारसायकल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. बॉक्सर नायजेरियात ‘ओकाडा’ म्हणून धावते, म्हणजे मागे एक-दोन प्रवासी बसवून भाड्याने. कोलंबियात पल्सर पोरांची हौस भागवते. इजिप्तच्या गल्लीबोळांत रिक्षा टुकटुक म्हणून फिरत आली. इंजिनं आणि सांगाडे बरेचसे तेच, सस्पेन्शन, सीट आणि जाहिरात वेगळी. सत्तरहून अधिक देशांत माल जातो तो प्रत्येक देशातल्या वितरकाच्या जिवावर. वाळूजहून सुटे भाग खोक्यांत भरून जातात, तिथे जोडणी होते, दुकान, मेकॅनिक, स्पेअर पार्ट, कर्जवसुली सगळं वितरक बघतो. फिलिपीन्ससारख्या ठिकाणी कावासाकीच्या दुकानांतून शिरकाव केला. अनेक देशांत एकदम उतरायचं तर दुसऱ्याचा पंप वापरणं हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि या बाबतीत पुस्तकं आणि व्यवहार यांचं एकमत आहे. उद्या वितरकाने दुसऱ्याचा माल धरला तर तुमचा देश त्याच्यासोबत जातो, ही त्याची किंमत. २०२४ मध्ये ब्राझीलच्या मनाऊसला बजाजने स्वतःचा कारखाना उघडला. बाजार मोठा असेल तर कधीतरी स्वतःची विहीर खणावीच लागते.

बजाजच्या पसरण्याकडे पाहताना विश्लेषक नेहमी विम्याचा दाखला देतात. एक देश बसला तर दुसरा सावरेल. बरीच वर्षं ते खरंही ठरलं. श्रीलंकेने २०२० मध्ये वाहनांची आयातच थांबवली, २०२१ च्या अखेरीस इजिप्तने टुकटुकच्या भागांवर बंदी आणली, लागोसने २०२० आणि पुन्हा २०२२ मध्ये ओकाडांना मुख्य भागांतून हाकललं. एकेक झटका पचत गेला. २०२१-२२ मध्ये निर्यात २५ लाख गाड्यांच्या घरात होती. पुढच्याच वर्षी ती १८ लाखांच्या आसपास आली. काय झालं? अमेरिकेत व्याजदर चढले आणि नायजेरिया, इजिप्त, बांगलादेश, श्रीलंका सगळीकडे एकदम डॉलरचा दुष्काळ पडला. गिऱ्हाईक होतं, गाडी हवी होती, वितरकाच्या हातात स्थानिक पैसेही होते. बँक डॉलर देईना. वाफे वेगवेगळे होते, विहीर एकच निघाली. चार देशांची नावं वेगळी म्हणून जोखीम वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना तो धडा महागात पडला. लॅटिन अमेरिकेचा हात होता म्हणून कंपनी तरली. तो भाग आफ्रिकेपासून लांब आहे एवढ्याने नव्हे, तर तिथल्या चलनांचं दुखणं निराळं होतं म्हणून.

द्राक्षवाल्यांनाही हे अनुभवाने माहीत आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, लंडन सगळेच बाजार एकाच दिवशी पंधरवडाभर लांब गेले. बांगलादेशचा ट्रक मात्र त्याच रस्त्याने जात राहिला. त्यांचं आयात शुल्क चढलं की बांधावरचा भाव पडतो म्हणून शिव्या खाणारा हा बाजार त्या वर्षी कित्येकांना आधार वाटला.

गेल्या काही काळात हा विषय अभ्यासकांच्या हातून निसटून थेट कारखानदारांच्या अंगावर आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं आणि एकट्या अमेरिकेवर विसंबलेल्यांची झोप उडाली, कपडे, कोळंबी, हिरे-दागिने. सरकारने कापड उद्योगाला ४० देशांकडे वळायला सांगितलं. सल्ला चुकीचा नाही. पण तो तहान लागल्यावर खणायला सांगितलेल्या विहिरीसारखा आहे, आणि कापडाचा बाजार द्राक्षाच्या जिन्यासारखा आहे की हापूसच्या आडव्या वाटांसारखा, हे कुणी विचारलेलं दिसलं नाही.

सोलापूरच्या टॉवेलवाल्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. अमेरिकेचा आंघोळीचा टॉवेल इंचात मोजतात, साधारण ३० बाय ५४. जाड, मऊ, जड. युरोपचा ७० बाय १४० सेंटिमीटरचा, हाताचा ५० बाय १००. जपानला हलका, पटकन वाळणारा लागतो. लेबल, धुण्याच्या खुणा, रंगातल्या रसायनांचे दाखले हे सगळं निराळं. एका देशाचा राहिलेला माल दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा तर गावठी बाजारातल्या भावानेच द्यावा लागतो. रुंदी बदलायची म्हणजे मागावरचा बीम उतरवायचा, नवा चढवायचा आणि वहिफणीवाल्याला बोलवायचं. तो वहीतून आणि फणीतून एकेक धागा ओवतो, हजारो धागे, मान खाली घालून. तोवर माग बंद. आणि मागावर आत्ता जो बीम चढलेला आहे तो अमेरिकेच्या रुंदीचा आहे; त्याचं सूत उधारीवर आणलेलं आहे. तो संपेपर्यंत विणायचा, की मध्येच कापायचा, एवढंच त्याला आज ठरवायचं आहे. चाळीस देशांची यादी संघटनेच्या कार्यालयात फळ्यावर लावलेली असेल, तिकडे तो बीम उतरल्यावर जाईल.